आण्यातल्या चार पै

दरवर्षी मार्च संपत आला की आमच्या घरी एक ठरलेला कार्यक्रम होतो. बाबा मालमत्ता कराचं बिल टेबलावर पसरतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचतात. सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, मलनिस्सारण, वृक्ष कर, अग्निशमन. मग येते 'शिक्षण कर' ही ओळ. तिथं पोचले की बाबा थांबतात आणि दरवर्षी तेच वाक्य बोलतात, "आपल्या घरात शाळेत जाणारं आता कोण उरलंय?"

आई म्हणते, भरून टाका एकदाचा. कर भरला जातो, विषय संपतो.

यंदा मात्र मी त्या बिलाचा फोटो काढून ठेवला, आणि हा कर आपण कधीपासून भरतोय हे शोधायला बसलो. वाटलं होतं, फार तर १९६०-७० पर्यंत मागे जावं लागेल. पोचलो थेट १८५९ ला. आणि वाटेत बाबांचं वाक्य मला निरनिराळ्या माणसांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकू आलं, की ते बाबांचं राहिलंच नाही.

*

सुरुवात पैशाच्या हिशोबापासून करू. यूपीआयच्या जमान्यात आणे-पै कोणाच्या डोक्यात राहिलेले नाहीत, म्हणून आधी सांगतो: १ रुपया म्हणजे १६ आणे, आणि १ आणा म्हणजे १२ पै.

१८५४ साली वुडचा खलिता आला. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याच्यावर दोन मार्कांचा प्रश्न असतो, त्यामुळे नाव ऐकलेलं असेल. हिंदुस्थानातल्या सामान्य माणसाचं शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे, असं त्यात म्हटलं होतं. म्हणायला काय जातं? तिजोरीत त्यासाठी रक्कम नव्हती. मुंबई इलाख्यात त्या काळात एक पद्धत होती: गावाला शाळा हवी असेल तर गावानं जागा द्यायची, मास्तरांच्या पगाराचा अर्धा भार उचलायचा, उरलेला अर्धा सरकार देईल. ज्या गावाची ऐपत होती तिथं शाळा आली. ज्या गावाला शाळेची सगळ्यांत जास्त गरज होती, तिथं ती आली नाही.

मग १८५९ चा दुसरा खलिता आला, लॉर्ड स्टॅनलीचा. त्यानं सुचवलं की प्राथमिक शाळांसाठी जमिनीवर वेगळी स्थानिक पट्टी बसवावी. मुंबई इलाख्यानं १८६३ च्या सुमारास ती बसवायला सुरुवात केली आणि १८६९ च्या कायद्यानं ती पक्की केली. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर १ आणा जादा. लोक त्याला 'लोकल फंड' म्हणत. गावाकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द परवापरवापर्यंत होता.

त्या एका आण्याच्या बारा पैंपैकी आठ पै रस्ते, विहिरी, धर्मशाळा वगैरेंना, आणि चार पै शाळेला.

समजा, एखाद्या कुणब्याचा सारा वर्षाला ८ रुपये आहे. त्यानं सारा भरायचाच, वर ८ आणे लोकल फंड. त्यातले २ आणे ८ पै शाळेसाठी. रक्कम लहान वाटते. पण ज्याच्याकडे सारा भरायलाच रोख नसते, जो सावकाराकडून रोख उचलून तलाठ्या-कुलकर्ण्यापुढं ठेवतो, त्याच्या हिशोबात ती व्याजाची रक्कम होते.

या पट्टीच्या रचनेत दोन भोकं होती. पहिलं म्हणजे, सारा ठरायचा जमाबंदीत आणि जमाबंदी व्हायची तीस-तीस वर्षांसाठी. सारा तीस वर्षं तोच, म्हणजे त्याच्यावरचा आणाही तोच आणि आण्यातल्या चार पैही त्याच. मुलं वाढणार, महागाई वाढणार, शाळेचा पैसा जिथल्या तिथं. तूट ही कोणाच्या उधळपट्टीतून आली नव्हती, ती गणितातच बसवलेली होती.

दुसरं भोक जास्त मोठं. पट्टी जमिनीवर होती. शहरातला वकील, पेढीवाला, कचेरीतला कारकून यांच्यावर ती नव्हती. आणि शाळेत मुलं बसत होती ती बव्हंशी कोणाची?

हा प्रश्न ज्या माणसानं सरकारच्या तोंडावर विचारला, त्याच्याकडे वळू.

*

१८८२ साली शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला गेला. महात्मा जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबरमध्ये त्याच्यापुढं लेखी निवेदन दिलं. हे निवेदन आपल्याकडे 'सक्तीच्या शिक्षणाची मागणी करणारं' म्हणून माहीत आहे, आणि ते खरंच आहे. निदान १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पण ते निवेदन एकदा अर्थसंकल्पावरची टिप्पणी म्हणून वाचून बघा. वेगळाच माणूस समोर येतो. निवेदनाखाली फुल्यांनी आपली ओळख दिली आहे ती व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी. १८७६ पासून ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. कर भरणारा आणि कराच्या पैशाचं काय होतं हे आतून बघणारा, असा दोन्ही बाजूंचा माणूस.

त्यांचा मुद्दा साधा होता. सरकारची तिजोरी रयतेच्या घामानं भरते. वरच्या वर्गांकडून तिजोरीत फारसं काही येत नाही. आणि शिक्षणावरचा पैसा मात्र त्याच वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो. इलाख्यातल्या जवळपास नऊ-दशांश गावांत, सुमारे १० लाख मुलांसाठी, शाळेची काही सोयच नाही, असं ते लिहितात.

फुले रागावून थांबत नाहीत. ते पैसे कुठून आणायचे याची योजना मांडतात. तिला चार पाय आहेत. ज्या देशी शाळांत प्रशिक्षित मास्तर आहेत त्यांना सढळ अनुदान द्या. लोकल फंडातला अर्धा हिस्सा फक्त प्राथमिक शिक्षणाला द्या, म्हणजे चार पैंऐवजी सहा. नगरपालिकांना कायद्यानं भाग पाडा, की त्यांच्या हद्दीतल्या सगळ्या प्राथमिक शाळा त्यांनीच चालवाव्यात; शहराचा बोजा खेड्यातल्या आण्यावर नको. आणि उरलेल्यासाठी प्रांतिक किंवा साम्राज्याच्या तिजोरीतून पुरेशी रक्कम द्या.

मास्तरांच्या पगाराचाही आकडा आहे. तेव्हा प्राथमिक शिक्षकाला क्वचितच १० रुपयांहून जास्त मिळत. फुले म्हणतात, १२ रुपयांखाली नको, मोठ्या गावात १५ ते २० द्या. शाळा तपासायला साहेब वर्षातून एकदा येतो त्याचा उपयोग नाही, दर तीन महिन्यांनी यावा आणि मधूनमधून न कळवता यावा. (न कळवता! इन्स्पेक्शनच्या आधी भिंती रंगवणाऱ्या आपल्या शाळा आठवल्या.)

एका जागी मात्र मी अडखळलो. शाळांचा पैसा कोणाच्या हाती असावा? आपण आज सहज म्हणू, लोकांच्या, गावाच्या. फुले तसं म्हणत नाहीत. पैसा शिक्षणखात्याच्या संचालकाच्या हाती राहू द्या, स्थानिक कमिट्यांकडे देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. कारण कमिटीत कोण बसणार हे त्यांना ठाऊक होतं: पाटील, इनामदार, सरदार. ज्यांना शाळेत काही समजत नाही आणि शेजारच्या वाडीतलं पोर शिकलं नाही तरी ज्यांचं काही बिघडत नाही, असे लोक. गावचा पैसा गावात राहिला म्हणजे तो गावातल्या सगळ्यांचा राहतो, असं मानायला पुण्याच्या नगरपालिकेत सहा वर्षं काढलेला माणूस तयार नव्हता.

आयोगानं काही गोष्टी ऐकल्या. स्थानिक निधीतल्या शिक्षणाच्या पैशावर प्राथमिक शाळेचा पहिला हक्क, हे मान्य केलं. खेड्याचा पैसा शहरात जाऊ नये म्हणून दोन्हींचे निधी वेगळे ठेवा, असंही सांगितलं. आणि नेमकी उलटी गोष्टही केली: शाळा स्थानिक मंडळांच्या हवाली करा, अशी शिफारस. १८८४ मध्ये लोकल बोर्डांचा कायदा आला. सक्तीचा मुद्दा बाजूला पडला.

*

त्यानंतरची पंचवीस वर्षं भराभर ओलांडू. त्यात एकच गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे आणि ती ब्रिटिश मुलखातली नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या दहा गावांत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू करून पाहिलं, ते निभतंय असं दिसल्यावर १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. हिंदुस्थानात हे परवडणार नाही, असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर टाकायला एक जिवंत उदाहरण तयार झालं.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ते टाकलंसुद्धा. १९१० मध्ये ठराव आणि १६ मार्च १९११ ला प्राथमिक शिक्षणाचं विधेयक. आजच्या नजरेनं वाचलं तर ते इतकं मवाळ आहे की चिडचिड होते. सक्ती फक्त ६ ते १० वयाच्या मुलग्यांना. तीही नगरपालिका किंवा जिल्हा बोर्डाला वाटलं तर. तीही सरकारची परवानगी घेऊन, आणि तीही जिथं ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जात असतील तिथंच. पैशाचं गणित असं: खर्चाचे दोन भाग सरकार देईल, एक भाग स्थानिक संस्था. स्थानिक संस्थेला त्यासाठी शिक्षणपट्टी बसवायची मुभा. महिना १० रुपयांखाली मिळकत असलेल्या घराला फी माफ.

गोखले अर्थशास्त्राचे माणूस, आकड्यांच्या बाबतीत त्यांना अडवणं कठीण. म्हणून विरोधकांनी आकडे सोडून दुसऱ्या वाटा धरल्या. लोकांना नवी पट्टी नको आहे. सक्तीनं असंतोष पसरेल. आधी शाळा पुरेशा होऊ द्या, मग सक्तीचं बघू. शेतात मजूर कोण राहील, ही भीती उघडपणे कमी आणि आडून जास्त. विरोध करणारे सगळे गोरे नव्हते. हिंदी जमीनदार सभासदही त्यांच्याबरोबर होते. १९ मार्च १९१२ ला मतदान झालं. बाजूनं १३, विरुद्ध ३८. विधेयक पडणार हे गोखल्यांना आधीच माहीत होतं, तरी ते बोलले. तीन वर्षांनी ते गेले.

त्या मतदानानंतर पाच वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. तिथं परवानगी मागायला कोणी वर बसलेलं नव्हतं आणि मतदानही नव्हतं. खर्चासाठी रयतेवर शिक्षणपट्टी बसवली, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत घ्यायचा हुकूम निघाला. हा मुद्दा आपण नेहमी सामाजिक न्यायाचा म्हणून वाचतो आणि तो तसाच आहे. पण जातीपायी एका गावात दोन शाळा चालवणं म्हणजे दोन जागा आणि दोन मास्तर, हा हिशोबही त्यात होता.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांनी गोखल्यांचं अर्धवट राहिलेलं काम पुढं नेलं. १९१८ चा त्यांचा कायदा नगरपालिकांना सक्ती करायची आणि त्यासाठी कर बसवायची मोकळीक देतो. करायलाच हवं असं नाही, करता येईल. आणि या 'करता येईल'मुळं पुण्यात जे झालं, ते मला या सगळ्या प्रवासातलं सगळ्यांत बोलकं प्रकरण वाटतं.

*

पुण्याच्या नगरपालिकेपुढं प्रश्न आला: सक्ती करायची, पण कोणाची? पैसे मर्यादित आहेत. मुलगे आणि मुली दोघांनाही शाळेत आणायचं तर शाळा दुप्पट, शिक्षक दुप्पट, म्हणजे पट्टी जास्त. लोकमान्य टिळक आणि न. चिं. केळकर यांच्या पक्षाचं म्हणणं असं की आधी मुलग्यांपासून सुरुवात करू. पैसा आला की मुलींचं बघू.

हे वाक्य ऐकायला किती समंजस आहे! त्यात कोणी मुलींच्या शिक्षणाला नाही म्हणत नाही. फक्त रांग लावली जाते, आणि रांगेत पुढं कोण उभं राहणार हे आधीच ठरलेलं असतं.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आणि इतर सुधारकांनी याला कडाडून विरोध केला. सक्ती करायची तर दोघांची. १९२० च्या सुरुवातीला सेवासदनाच्या रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यातल्या बायकांनी मोर्चा काढला. विचार करा, १९२० चं पुणं. पेठांमधल्या अरुंद रस्त्यांवरून बायका निघाल्यात आणि मागणी आहे नगरपालिकेच्या शिक्षणखर्चाबद्दल. किर्लोस्कर थिएटरातल्या सभेत तर खुद्द टिळकांना लोकांनी बोलू दिलं नाही. ज्या शहरानं त्यांना लोकमान्य म्हटलं त्याच शहरात, त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षात.

टिळकांना खलनायक करण्यासाठी मी हे सांगत नाही. नगरपालिकेकडे पैसे कमी होते, हे खरंच होतं. पण तोच तुटीचा आकडा समोर ठेवून एका बाजूला 'मुली थांबतील' असं दिसलं आणि दुसऱ्या बाजूला 'पट्टी वाढवा' असं दिसलं. कागद एकच होता. जास्त पट्टी भरावी लागणार ते घरमालक मतदार होते. ज्या मुलींनी थांबायचं त्यांच्या आयांना मत नव्हतं.

*

१९२३ मध्ये, र. पु. परांजपे शिक्षणमंत्री असताना, नवा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. शाळा आता पुरत्या स्थानिक संस्थांच्या हाती गेल्या. सक्तीची योजना आखली तर जादा खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा सरकार जिल्हा बोर्डांना देणार, नगरपालिकांना अर्धा. कागदावर उत्तम. पण सरकारचा वाटा मिळायला आधी आपला वाटा उभा करावा लागतो, आणि गरीब जिल्ह्याचा वाटा उभा राहायचा तो त्याच आण्यावर.

१२ मार्च १९२७ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. नुकतेच सभासद झालेले, पण अर्थशास्त्रात दोन डॉक्टरेट. त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. इलाख्यात सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं. आणि दारूच्या अबकारीतून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करतं. त्यांची मागणी फार मोठी नव्हती: दारूतून लोकांकडून जेवढं घेता, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. आत्ताच्या गतीनं गेलो तर सगळे मुलगे शाळेत यायला ४० वर्षं लागतील आणि सगळ्या मुली यायला ३०० वर्षं, हेही त्यांनी सांगितलं.

३०० वर्षं म्हणजे २२२७ साल. 'पैसा आला की मुलींचं बघू' याचा हिशोब कोणीतरी करून दाखवला होता.

पुढच्या वर्षी सायमन आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी शाळा स्थानिक मंडळांच्या हाती देण्यालाही विरोध केला. त्या मंडळांवर कोण बसतं आणि दलित मुलाला शाळेत कुठं बसवतं, हे त्यांनी पाहिलं होतं. फुल्यांच्या निवेदनानंतर ४६ वर्षांनी तोच मुद्दा.

अबकारीची गोष्ट इथं संपत नाही. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. काँग्रेसचं वचन दारूबंदीचं. आणि शिक्षणखातं प्रांताकडे, ज्याच्या मिळकतीत दारूचा मोठा हिस्सा. गांधीजींनी त्या वर्षी 'हरिजन'मध्ये ही विटंबना बोलून दाखवली: मुलांना शिकवायला आपल्या हाती दारूच्या उत्पन्नाखेरीज काही उरलेलं नाही. त्यांनी काढलेला मार्ग आपल्याला 'नई तालीम' म्हणून माहीत आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली. मुलं टकळीवर सूत काढतील, हस्तकला शिकतील, आणि त्यांच्या हातच्या मालातून शिक्षकाचा पगार निघेल. शाळेच्या पुस्तकात या योजनेतलं श्रमाचं तत्त्वज्ञान शिकवतात. तिच्या मुळाशी अर्थसंकल्पातली तूट होती, हे सांगत नाहीत. त्याच परिषदेत के. टी. शहांसारख्या अर्थतज्ज्ञानं हरकत घेतली होती. मुलांच्या कामावर शिक्षकाचा पगार ठरला तर शिक्षक मुलांना राबवेल, हे उघड आहे.

इकडे मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ वेगळ्या पेचात होतं. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी. अबकारी जाणार, मग खड्डा कशानं भरायचा? अर्थमंत्री होते अण्णासाहेब लठ्ठे. मला हा योगायोग आवडतो: लठ्ठे कोल्हापूरच्या मुशीतले, तिथं दिवाण राहिलेले, शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे. त्यांनी हात घातला तो शहरी इमारतींना. वार्षिक भाडेमूल्याच्या १० टक्के नवा मालमत्ता कर. पहिल्यांदाच खेड्यातल्या साऱ्याऐवजी मुंबईच्या चाळी-इमारतींच्या मालकांकडे मोठ्या रकमेसाठी बोट दाखवलं गेलं. एक बडे घरमालक हायकोर्टात गेले. म्हणाले, हा मालमत्ता कर नाहीच, हा वेष पालटलेला प्राप्तिकर आहे आणि तो बसवायचा अधिकार प्रांताला नाही. कोर्टानं प्रांताच्या बाजूनं निकाल दिला. पण १९३९ च्या नोव्हेंबरात युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि हिशोब पुन्हा गव्हर्नराच्या टेबलावर गेला.

याच सुमाराला कोल्हापूरच्याच बाजूचा एक तरुण खेड्यातल्या शाळांचे जमाखर्च उपसत बसला होता. जे. पी. नाईक, आजरा भागातल्या बहिरेवाडीचे. १९४२ मध्ये त्यांनी मुंबई प्रांतातल्या शिक्षणाच्या लोकल फंड पट्टीचा इतिहास लिहिला. शीर्षक वाचूनच झोप येईल असं ते पुस्तक आहे, पण कोणाला तरी वाटलं की या एका आण्याचा इतिहास लिहायला हवा. हेच नाईक पुढं १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सचिव झाले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा, ही दर अर्थसंकल्पाच्या वेळी आठवली जाणारी आणि आजवर न गाठलेली रेषा त्याच आयोगाची.

*

आता बाबांच्या बिलाकडे परत येतो. १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा झाला, १९६२ मध्ये त्या अस्तित्वात आल्या आणि खेड्यातल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्याच १९६२ सालच्या कायद्यानं शहरांतल्या जमिनी-इमारतींवर राज्याचा शिक्षण कर आला. बिलातली ती ओळ ही. पुढं त्याच कायद्यात रोजगार हमीचा करही जोडला गेला. फुल्यांनी शहराकडे बोट दाखवल्यापासून या करापर्यंत ८० वर्षं गेली. २००४ मध्ये केंद्रानंही २ टक्के शिक्षण उपकर सुरू केला. आज तो आरोग्याशी जोडून ४ टक्के झालाय आणि तुमच्या पहिल्या पगाराच्या फॉर्म १६ मध्ये तो दिसेल.

म्हणजे पट्ट्या वाढल्या. शाळेपर्यंत काय पोचतं? शिक्षकांचा पगार राज्य देतं, हा फुल्यांच्या काळापासूनचा मोठा फरक, आणि तो कमी लेखू नये. पण खडू, दुरुस्ती, वीजबिल यांसाठी, समग्र शिक्षा अभियानाच्या हिशोबात, ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये मिळतात. महिन्याला सव्वाआठशे. कम्प्युटर देणगीत मिळाला तर त्याच्या विजेचं बिल कोण भरणार, हा प्रश्न राहतोच. मग गावात लोकवर्गणी निघते. ज्या गावातली माणसं पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत तिथं वर्गणी चांगली जमते, शाळा चकाचक होते, तिचे रील्स आपल्यापर्यंत येतात. ज्या वाडीतून फक्त ऊसतोडीला माणसं जातात तिथं ती जमत नाही. १८५० च्या दशकातली ती अर्ध्या पगाराची पद्धत आठवते ना?

२०२३ मध्ये दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. कंपन्यांनी आणि देणगीदारांनी सरकारी शाळा दत्तक घ्याव्यात, अशी योजना सप्टेंबरात आली; मोठी रक्कम दिली तर शाळेला त्यांचं नाव जोडता येईल अशी सोय त्यात होती. आणि त्याच सुमारास २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचा प्रस्ताव आला. अशा शाळा राज्यात सुमारे १५ हजार. एका शिक्षकामागं पाच-सात मुलं परवडत नाहीत, मोठ्या शाळेत मैदान, प्रयोगशाळा, सोबती मिळतील, असं प्रस्तावाच्या बाजूनं म्हटलं गेलं, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पण पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असावी, हे शिक्षणहक्काच्या नियमांत लिहिलंय ते उगाच नाही. डोंगरातल्या पाड्यावरून बस येणार असेल तर पावसाळ्यात ती येईल का, आणि ती आली नाही तर घरी आधी कोणाला बसवतील? त्या घरात भाऊ आणि बहीण दोघंही असतील तर?

कर भरायचा शेवटचा आठवडा होता. ऑनलाइन पेमेंट अडकलं, म्हणून मी बाबांबरोबर क्षेत्रीय कार्यालयात गेलो. रांग मोठी होती. खिडकीशी पोचल्यावर बाबांनी सवयीनं विचारलं, "हा शिक्षण कर कुठल्या शाळेला जातो हो?"

खिडकीमागच्या बाई पावतीवर शिक्का मारता मारता म्हणाल्या, "तो आमच्याकडे राहत नाही काका. आम्ही गोळा करतो आणि शासनाकडे भरतो."

"आणि तिथून?"

"ते तुम्ही तिथं विचारा." त्यांनी पावती पुढं सरकवली. मग जरा थांबून म्हणाल्या, "माझी मुलगी महापालिकेच्याच शाळेत आहे. सातवीत."

बाबांनी पावतीची घडी घातली. रांगेतला पुढचा माणूस आधीच बिल खिडकीत सरकवत होता.